डॉक्टर जॉन स्नो व त्यांचें न खपलेलें पुस्तक

इंग्लंडांतील यॉर्क शहरीं ता. १५ मार्च १८१३ रोजीं कोळशाच्या वखारींत काम करणाऱ्या एका मजुराच्या घरीं जॉन स्नो यांचा जन्म झाला. नऊ भावंडांत ते थोरले. चौदाव्या वर्षीं ते न्यूकॅसल येथील एका शस्त्रवैद्यापाशीं उमेदवारीस राहिले. पुढें पटकीची सांथ प्रथमच इंग्लंडांत शिरली, तेव्हां जवळच्या किलिंगवर्थ येथील खाणींतील रोग्यांची शुश्रूषा करण्यास ह्या पोरसवदा उमेदवारास धाडण्यांत आलें. खाणींत शौचकूप नसे, हात धुण्याची सोय नसे, आणि मजूर तशाच हातांनीं अन्न खात. ही गोष्ट त्यांनीं पुढें आपल्या ग्रंथांत मांडली आहे.

लंडनास येऊन ते डॉक्टर झाले व ईथर आणि क्लोरोफॉर्म ह्या भूल देणाऱ्या औषधांच्या अभ्यासांत त्यांनीं नांव मिळविलें. ईथरवरील त्यांचें पुस्तक १८४७ सालीं निघालें. १८५३ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या प्रसूतीच्या वेळीं क्लोरोफॉर्म देण्याचा मान त्यांसच मिळाला. एवढ्यावर स्वस्थ बसते तरी त्यांस कोणी नांवें ठेविलीं नसतीं.

परंतु पटकीचा विचार त्यांच्या मनांतून गेला नव्हता. दुर्गंधियुक्त हवेनें हा रोग पसरतो असें त्या काळच्या बहुतेक विद्वानांचें मत होतें. स्नो यांचें म्हणणें असें कीं, रोगाचा आरंभ पोटांत होतो, फुप्फुसांत नाहीं. अर्थात् विष श्वासावाटे न जातां तोंडावाटे जात असलें पाहिजे. १८४९ सालीं त्यांनीं हें मत एका लहानशा पुस्तिकेंत छापलें. त्याची फारशी वाहवा झाली नाहीं. पुराव्याची उणीव दाखविण्यांत आली. ती टीका अगदींच अन्यायाची होती असें म्हणतां येत नाहीं.

पुरावा १८५४ सालीं मिळाला. लंडनच्या सोहो भागांत ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाच्या आसपास दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. स्नो घरोघर हिंडले. जवळच्या अनाथगृहांत पांचशेंवर माणसें, पण मृत्यु पांचच. कारण तेथें स्वतःची विहीर होती. उलट, दूर हॅम्पस्टेड येथें राहणारी एक विधवा बाई ह्या पंपाचें पाणी मुद्दाम मागवून पीत असे. ती मरण पावली. ता. ७ सप्टेंबर रोजीं स्नो यांनीं स्थानिक मंडळापुढें आपलें म्हणणें मांडलें आणि दुसरे दिवशीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. सांथ तत्पूर्वींच ओसरूं लागली होती, हें त्यांनीं स्वतःच प्रामाणिकपणें नमूद केलें आहे.

त्याच भागांतील तरुण पाळक रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड ह्यांस हें मत पटेना. तें खोटें ठरविण्याकरितां ते आपल्या मंडळींतील घरें पुनःपुन्हां धुंडाळूं लागले, आणि शोधाअंतीं त्यांनींच त्याला बळकटी आणली. पंपासमोरच्या घरांतील एका आजारी तान्ह्या मुलाचीं दुपटीं धुतलेलें पाणी ज्या कुंडींत ओतलें जाई, ती झिरपून विहिरींत उतरत होती. विरोध करावयास निघालेला मनुष्य इतक्या निर्मळपणें सत्याच्या पक्षास मिळाल्याचीं उदाहरणें थोडीं.

शिवाय दक्षिण लंडनला पाणी पुरविणाऱ्या दोन कंपन्यांचे आंकडे स्नो यांनीं ताडून पाहिले. सांथीच्या पहिल्या सात आठवड्यांत टेम्सचें घाण पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागें ३१५ मृत्यु, तर शहराच्या वरच्या अंगाचें पाणी देणारीच्या घरांमागें ३७.

हें सर्व १८५५ सालच्या वाढविलेल्या दुसऱ्या आवृत्तींत आलें. तिच्यापायीं त्यांचे दोनशें पौंडांवर खर्च झाले. विक्रीतून परत आले ते जेमतेम तितके शिलिंग. सरकारी आरोग्यमंडळाच्या समितीनें त्यांचें मत त्याच वर्षीं फेटाळलें. क्लोरोफॉर्मवरील ग्रंथ लिहीत असतां त्यांस झटका आला व १६ जून १८५८ रोजीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रानें मृत्युवार्ता दिली, तींत पटकीचें नांवहि नव्हतें.

१८६६ च्या सांथींत सरकारी आंकडेतज्ज्ञ विल्यम फार ह्यांनीं दूषित पाण्याचें कारण मान्य केलें. १८८४ सालीं रॉबर्ट कॉख ह्यांनीं कलकत्त्यास पटकीच्या जंतूची खात्री करून घेतली. न खपलेलें तें पुस्तक १९३६ सालीं अमेरिकेंत पुन्हां छापून निघालें व सांथरोगांच्या अभ्यासकांच्या हातीं आलें. आणि ‘लॅन्सेट’नें १८५८ च्या त्या मृत्युवार्तेची दुरुस्ती २०१३ सालीं छापली.