लीलावतीकार भास्कराचार्य आणि आजचें गणितशिक्षण

थोर पुरुषाचें नांव घेणें सोपें आणि त्याचा मार्ग धरणें कठीण, हा अनुभव आमच्या लोकांस नवा नाहीं. भास्कराचार्यांच्या बाबतींत तो विशेष ठळकपणें येतो. १९७९ व १९८१ सालीं अवकाशांत सोडलेल्या दोन भारतीय उपग्रहांस भास्कर हें नांव देण्यांत आलें. २०१० सालीं हैदराबाद येथें आंतरराष्ट्रीय गणित परिषद भरली, तेव्हां गणिताचा लोकांत प्रसार करणारासाठीं लीलावती या नांवाचें पारितोषिक प्रथम देण्यांत आलें. हा गौरव सर्वथा योग्य आहे. परंतु ज्या पुस्तकामुळें हें नांव आठशेंहून अधिक वर्षें टिकलें, तें पुस्तक शिष्यास गणित कसें शिकवीत होतें आणि आज आम्ही आमच्या मुलांस तें कसें शिकवितों, ही तुलना फारशी होत नाहीं. ती व्हावी, एवढ्यासाठीं त्या ग्रंथकाराचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें झाला. सह्याद्रीच्या आश्रयास वसलेलें विज्जलविड हें आपलें गांव असल्याचें त्यांनीं स्वतःच नमूद केलें आहे. घराण्यांत विद्या पिढीजात होती. वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे पंडित असून तेच भास्करांचे गुरु. या शिक्षणाचें फळ लवकरच दिसून आलें. वयाच्या ३६ व्या वर्षीं, ११५० सालीं, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि हा आपला महाग्रंथ पुरा केला. त्याचे भाग चार : अंकगणित व क्षेत्रगणित सांगणारी लीलावती, त्यानंतर बीजगणित, मग ग्रहगणित आणि शेवटीं गोलाध्याय. आकाशांतील ग्रहांची गति समजून घ्यावयाची, तर आधीं बाजारांतील हिशेब आणि जमिनीवरील त्रिकोण नीट कळला पाहिजे, हा या मांडणीचा अर्थ आहे.

तो काळ पाठांतराचा होता. छापखाना नव्हता, पोथी दुर्मिळ. तेव्हां नियम श्लोकांत बांधून तोंडपाठ करविणें भागच होतें. परंतु भास्कराचार्य श्लोकापाशीं थांबले नाहींत. नियम सांगून होतांच ते शिष्यापुढें उदाहरण टाकतात, आणि खरें शिक्षण तेथेंच सुरू होतें. गुणाकाराचेंच पहा. १३५ ला १२ नें गुणावयाचें आहे. सरळ गुणा, किंवा १२ चे ८ व ४ असे दोन भाग करून दोन्ही गुणाकारांची बेरीज घ्या, किंवा आधीं ३ नें व मग ४ नें गुणा, किंवा १२ मधील अंक स्थानवार वेगळे घ्या, किंवा २० नें गुणून त्यांतून ८ पट वजा करा. कोणत्याही वाटेनें गेलें तरी उत्तर १६२० च येतें. एका साध्या गुणाकारासाठीं इतक्या वाटा दाखविणारा गुरु शिष्यास केवळ उत्तर देत नाहीं. संख्या मोडून पुन्हा जोडण्याचें धैर्य देतो.

याच्याही पुढची पायरी त्यांच्या प्रसिद्ध उदाहरणांत दिसते. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्यानें मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीस टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? दुसरें उदाहरण असें : ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या मुळाशीं सापाचें बीळ आहे, आणि साप २७ हातांवरून बिळाकडे येत आहे. मोरानें तिरकी झेप घेतली व दोघांनीं सारखेंच अंतर कापलें, तर गांठ बिळापासून किती हातांवर पडली? एकीकडे वेळू, दुसरीकडे मोर व साप. वरवर पाहतां एकाचा दुसऱ्याशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु दोन्ही ठिकाणीं काटकोन त्रिकोणाचा कर्ण व एक बाजू यांची बेरीज दिलेली आहे आणि दुसरी बाजू ठाऊक आहे. दोहोंचें उत्तरही १२ हात असेंच येतें. मग येतें तळ्यांतलें कमळ : पाण्यावर अर्धा हात असलेली कळी वाऱ्यानें लवून दोन हातांवर बुडाली, तर पाणी किती खोल? येथें बेरजेऐवजीं कर्ण व बाजू यांचें अंतर दिलें आहे आणि उत्तर पावणेचार हात. वेष बदलला तरी आंतला त्रिकोण ओळखावयाचा, आणि अट उलटली तर विचारही उलटावयाचा, हाच या उदाहरणांचा हेतु आहे. गणित सोडविण्याची कला म्हणतात ती हीच.

शिवाय हें गणित नुसत्या पंडितांचें नव्हे. व्याज, सोन्याचा कस, धान्याच्या राशी, खणलेल्या खड्ड्याचें माप, करवतीनें कापलेलें लांकूड, अशा रोजच्या व्यवहाराच्या गोष्टींस लीलावतींत मानाचें स्थान आहे. आणि त्याच पुस्तकाच्या अखेरीस शंकराच्या दहा हातांत दहा वस्तु किती प्रकारें देतां येतील, असा गमतीचा प्रश्न येऊन ३६,२८,८०० हें उत्तर शिष्यास थक्क करितें.

भास्कराचार्य परंपरेचा मान राखीत, पण तिच्यापुढें बुद्धि गहाण टाकीत नसत. ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ यांचें ऋण ते मोकळेपणानें सांगतात; परंतु गोलाच्या पृष्ठफळाविषयींचा लल्लाचा नियम चुकीचा आहे असें दिसतांच त्यांनीं तो स्पष्टपणें खोडून काढिला, आणि परिघास व्यासानें गुणावें हा खरा नियम सांगितला. बीजगणितांत त्यांनीं असा प्रश्न घातला आहे कीं, जिच्या वर्गाची ६१ पट करून त्यांत १ मिळविला असतां पूर्ण वर्ग होतो, ती संख्या कोणती? चक्रवाल रीतीनें त्यांनीं २२,६१,५३,९८० हें उत्तर काढिलें. पुढें १६५७ सालीं फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें युरोपांतील विद्वानांस आव्हान म्हणून हाच ६१ चा प्रश्न घातला होता. अशा तोलाचा पुरुष वेळूचीं व कमळांचीं गणितें रचण्यांत कमीपणा मानीत नाहीं, हें आमच्या विद्वानांनीं ध्यानांत घ्यावें. वयाच्या ६९ व्या वर्षीं, ११८३ सालीं, त्यांनीं करणकुतूहल लिहिलें. म्हणजे उतारवयांतही लेखणी खालीं ठेविली नाहीं.

लीलावती या नांवाची एक कथा घरोघर सांगितली जाते. मुलीच्या नशिबीं विवाहसौख्य नव्हतें. पित्यानें मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र मांडलें. तिच्या अलंकारांतील मोतीं त्यांत पडून छिद्र बुजलें व मुहूर्त टळला. मग दुःखी कन्येच्या समाधानार्थ पित्यानें तिच्या नांवें ग्रंथ रचिला. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथांत नाहीं. १५८७ सालीं अकबराच्या दरबारांतील फैजीनें केलेल्या फारसी भाषांतरांत ती येते. कथा गोड असेल, पण तिच्यांतील शिकवण आम्हांस मान्य नाहीं. मुलीचें लग्न हुकलें म्हणून तिला गणित द्यावयाचें, म्हणजे विद्या ही स्त्रीच्या बाबतींत लग्नाची भरपाई ठरते. मूळ ग्रंथांत असें कांहीं नाहीं. तेथें गुरु कधीं मित्रास, कधीं व्यापाऱ्यास, तर कधीं बाला लीलावतीस प्रश्न विचारतो, आणि तिला दिलेलें गणित इतरांस दिलेल्यापेक्षां सोपें नाहीं.

भास्कराचार्यांच्या मागें पुत्र लक्ष्मीधर व नातू चांगदेव यांनीं विद्येची परंपरा चालविली. चांगदेव हे यादवराजा सिंघण याचे प्रमुख ज्योतिषी होते. खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटण येथें त्यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, आणि १२०७ सालीं त्यास देणगी मिळाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणिलेल्या तेथील शिलालेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठींत आहे, व त्यांत बाजारांत येणाऱ्या मालावरील सरकारी उत्पन्नाचा अंश मठास दिल्याचें लिहिलें आहे. गणिताचें एक पुस्तक शिकविलें जावें म्हणून बाजाराच्या उत्पन्नांतून वांटा काढून देणारे राज्यकर्ते या भूमींत होऊन गेले, ही गोष्ट आजच्या राज्यकर्त्यांनींही वाचण्याजोगी आहे.

पुढें कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं १५४५ सालीं बुद्धिविलासिनी ही टीका लिहून नियमांच्या उपपत्ति दिल्या, आणि मूळ पुस्तकांतील मोठी उणीव भरून काढिली. १८१६ सालीं मुंबईस टेलर यांचें इंग्रजी भाषांतर छापून निघालें व पुढच्याच वर्षीं कोलब्रूक यांचें. ग्रंथाची कीर्ति अशी देशोदेशीं गेली, पण ज्यांच्या शेजारीं तो जन्मला त्या बहुजनांस संस्कृताच्या भिंतीमुळें तो पारखाच राहिला. आणि बाला लीलावतीस उद्देशून लिहिलेल्या या पुस्तकाच्या देशांत, फुले दांपत्यानें मुलींसाठीं पुण्यास शाळा काढण्यास १८४८ साल उजाडावें लागलें. तेव्हांही त्यांस शेणदगड सोसावे लागले. विद्येची पूजा करावयाची आणि विद्यार्थ्यांस दाराबाहेर ठेवावयाचें, हा आमचा जुना रोग आहे.

तो रोग आज रूप बदलून शिल्लक आहे. तालुक्याच्या गांवापर्यंत शिकवणीवर्गांचा बाजार भरला आहे. तेथें प्रश्नाचा साचा ओळखा, रीत पाठ करा, आंकडे घाला व गुण मिळवा, हाच मंत्र. वेळूच्या जागीं शिडी आली कीं मुलगा गोंधळतो, कारण त्यास त्रिकोण कोणी दाखविलाच नाहीं. दोष एकट्या शिक्षकाचा नव्हे. भरलेला वर्ग, लांबलेला अभ्यासक्रम आणि गुणांमागें धांवणारे पालक, हे सारेच त्यांत भागीदार आहेत. मुलींची स्थिति तर याहून कठीण. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें २२ जणींचें लग्न अठरा वर्षांच्या आंत झालें होतें. या मुलींचा मुहूर्त चुकला नाहीं. पण त्यांतील किती जणींची पाटी तेवढ्यासाठीं हिरावली गेली असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

यावर उपाय काय? आमच्या मतें तीन गोष्टी तांतडीनें केल्या पाहिजेत. परीक्षेंत केवळ उत्तरास नव्हे, तर विचारास व निराळ्या वाटेनें केलेल्या उकलीस गुण द्यावे. दूधसंकलन, विहिरीचें खोदकाम, एस. टी. चें वेळापत्रक, बचतगटाचें व्याज, अशा परिसरांतील प्रश्नांचीं पुस्तकें स्वच्छ मराठींत व स्वस्त किंमतींत निघावीं; त्यांत उत्तरें शेवटीं असावीं आणि रीत मुलानें शोधावी. आणि मुलगी शाळेंतून उठविली जात असेल, तेथें शिक्षकानें व गांवानें मिळून ती थांबवावी. तिची जागा वर्गांत आहे.

भास्कराचार्यांचे पुतळे उभारावयास आमची हरकत नाहीं. पण ज्या वर्गांत एकच गणित चार मुलें चार रीतींनीं सोडवितात आणि त्यांतील दोन मुली असतात, तो वर्ग आम्ही त्यांचें खरें स्मारक समजतों.