मधमाशीचे अर्थशास्त्र सांगणारे कुमारप्पा

गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे झाला. लंडनमध्ये लेखापरीक्षणाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि आयुष्याची दिशा पालटली. १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची धुरा त्यांनी वाहिली. मगनवाडीत तेलघाणी, हातकागद यांच्या जोडीला मधमाशीपालनही आले. तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या ग्रंथात त्यांनी मधमाशीचा दाखला दिला. ती फुलातून मकरंद घेते, पण घेता घेताच परागीभवन घडवते. झाडावर पोसून त्यालाच शोषणाऱ्या बांडगुळासारखी ती नव्हे. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले.

मुंबई-नाशिक महामार्गावरील पडघा परिसरात आता शेतांशेजारी गोदामे उभी राहिली आहेत. फुलोरा आक्रसला की मधमाशी दुरावते आणि वेलींना फळधारणा होत नाही. परसात तुळस, शेवगा, सूर्यफूल लावणे, बहरात कीटकनाशक टाळणे आणि जमिनीत घर करणाऱ्या माश्यांसाठी थोडी माती उघडी ठेवणे, एवढ्यानेही कुमारप्पांचा विचार अंगणात रुजेल.