गवताच्या कोंबांना टोप्या घालणारा डार्विन आणि देऊळघाटच्या कपाशीची पातेगळ

ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस. बुलडाण्याजवळचं देऊळघाट, पैनगंगा जिथून सुरू होते तो पट्टा. कपाशीला पाते-फुलं लागलेली असतात आणि नेमकं तेव्हाच आभाळ आठ-दहा दिवस झाकोळून राहतं. झाडाखाली पात्यांचा सडा पडायला लागतो. मग कृषी केंद्रातून ‘एनएए’ची बाटली येते, पंपात काही थेंब टाकले जातात आणि फवारणी होते.

या बाटलीचं मूळ शोधत गेलं तर आपण थेट इंग्लंडमधल्या डाउन नावाच्या खेड्यात पोहोचतो. चार्ल्स डार्विनच्या घरी. होय, तोच डार्विन. माकड आणि माणूस एवढ्यावरच आपण ज्याची ओळख संपवतो तो.

१२ फेब्रुवारी १८०९ ला जन्म. वडील नावाजलेले डॉक्टर. पोरगाही डॉक्टर व्हावा म्हणून त्यांनी त्याला एडिंबराला धाडलं, पण तेव्हा भूल न देताच ऑपरेशन व्हायची. ती बघून हा पळाला. मग पाद्री व्हावं म्हणून केंब्रिजला पाठवलं, तेही राहून गेलं. १८३१ ते १८३६ ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवास, १८५९ ला उत्क्रांतीवरचं पुस्तक आणि जगभर गदारोळ. हा भाग सगळ्यांना माहीत असतो.

त्यानंतरचा डार्विन मात्र फारसा कुणी सांगत नाही. तब्येत कायमची बिघडलेली, प्रवास जवळपास बंद. १८४२ पासून तो डाउनमध्येच राहत होता. तिथेच त्याने कुंड्या मांडल्या आणि झाडं बघत बसला.

प्रश्न साधा होता. खिडकीतलं रोप उजेडाकडे झुकतं, पण उजेड कुठून येतोय हे त्याला कळतं कसं? डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी पक्ष्यांना चारतात त्या कॅनरी गवताचे कोवळे कोंब घेतले. काहींच्या शेंड्यावर कथलाच्या पातळ पत्र्याची टोपी घातली. टोपी घातलेला कोंब सरळच वाढला. मग उलट केलं. कोंब बारीक काळ्या वाळूत पुरला आणि फक्त शेंडा उघडा ठेवला. तर वाळूतला, अंधारातला भाग वाकला! म्हणजे उजेड बघतो शेंडा आणि वाकतो त्याच्या खालचा भाग. शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जातोय, असा निष्कर्ष बापलेकांनी १८८० मध्ये पुस्तकात मांडला.

जर्मनीतला त्या काळचा बडा वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस झाक्सने डार्विनच्या या कामाला नाक मुरडलं. घरगुती प्रयोग म्हणून हिणवलं. गंमत म्हणजे फ्रान्सिस त्याच झाक्सच्या प्रयोगशाळेत शिकून आला होता.

त्याच काळात डार्विनच्या टेबलावर आणखी एक विषय होता, बटाट्यावरचा करपा. १८४५ पासून याच रोगानं आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडला होता, सुमारे दहा लाख माणसं मेली होती. बेलफास्टचा एक व्यापारी जेम्स टॉर्बिट करप्याला दाद न देणारा बटाटा शोधत होता. पद्धत अशी, की कंद न लावता बियांपासून रोपं करायची, रोगात जी तगतील तीच पुढे न्यायची. डार्विनने त्याला वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, सरकारी मदतीसाठी खटपट केली. ती फळाला येईना तेव्हा मित्रांकडून पैसे गोळा केले आणि स्वतःचेही घातले.

एकीकडे वाढीचा प्रश्न, दुसरीकडे रोगाचा. दोन्ही एकाच माणसापुढे, पण त्यांना जोडणारा धागा तेव्हा कुणालाच दिसणं शक्य नव्हतं. १९ एप्रिल १८८२ ला डार्विन गेला.

शेंड्याकडून जाणारा तो निरोप १९२० च्या दशकात हाती लागला. नेदरलँड्सच्या फ्रिट्स वेंटने ओटच्या कोंबाचा शेंडा कापून अगारच्या तुकड्यावर ठेवला, मग नुसता तो तुकडा कापलेल्या कोंबावर ठेवला. कोंब वाढला. त्या रसायनाला नाव मिळालं ऑक्सिन. हे झाडाचं संप्रेरक. एनएए म्हणजे त्याचाच कारखान्यात बनवलेला भाऊबंद.

आता पातेगळीकडे येऊ. पात्याकडून देठाकडे ऑक्सिन वाहतं तोवर देठ घट्ट राहतो. उजेड कमी पडला, पाणी साचलं किंवा ताण बसला की ऑक्सिन आटतं, इथिलीनचा जोर वाढतो आणि देठ सुटतो. फवारणी हा तोल सांभाळते. पण प्रमाण जास्त झालं तर झाड स्वतःच इथिलीन वाढवतं आणि गळ उलट वाढते. सफरचंदाच्या बागेत जादा फळं पाडायला एनएएच वापरतात. तणनाशक २,४-डी हेही ऑक्सिनच्याच जातकुळीतलं. त्याचा पंप नीट न धुता कपाशीवर चालवला तर पानं भेंडीच्या पानांसारखी होतात, आणि अनेकांना तो व्हायरस वाटतो.

डार्विनला न दिसलेला धागाही इथेच आहे. रोग आला की झाड सॅलिसिलिक ॲसिड वाढवतं, अळीनं कुरतडलं की जास्मोनिक ॲसिड. ही संरक्षणाची संप्रेरकं वाढीच्या संप्रेरकांना आवर घालतात, आणि वाढीची त्यांना. झाडाकडचं अन्न मोजकंच, त्यामुळे दोन्ही आघाड्यांवर पूर्ण जोर लागत नाही. काही जिवाणू याचा फायदा घेतात. ते स्वतःच ऑक्सिन बनवतात आणि झाडाचा पहारा ढिला पाडतात.

फार दाट लावलेल्या शेतात हे बिनफवारणीचंही घडतं. शेजारच्या पानांची सावली झाडाला कळते, उजेड गाठायला वाढीची संप्रेरकं जोर धरतात, खोड उंच होतं आणि जास्मोनिक ॲसिडचा पहारा मंदावतो. बांधावरून पीक जोमात दिसतं, आणि त्याच वेळी किडीला ते सोपं झालेलं असतं.