‘डॉपलर’ तपासणीमागचा माणूस

डॉक्टर पायाच्या किंवा मानेच्या रक्तवाहिन्यांची ‘डॉपलर’ करायला सांगतात. हे नाव आहे ख्रिश्चन डॉपलर या शास्त्रज्ञाचे.

त्यांचा जन्म १८०३ मध्ये साल्झबर्ग येथे पाथरवटाच्या घरात झाला. तब्येत नाजूक असल्याने घरचा धंदा झेपण्यासारखा नव्हता; ते गणिताकडे वळले. प्राग येथे शिकवत असताना १८४२ मध्ये त्यांनी एक तत्त्व मांडले : लहरींचा उगम जवळ येत असेल तर वारंवारता वाढते, दूर जात असेल तर घटते. ताऱ्यांच्या रंगांचे कारण हेच, हा त्यांचा अंदाज चुकला. तत्त्व मात्र खरे ठरले. १८५३ मध्ये, ४९ व्या वर्षी, फुप्फुसाच्या आजाराने ते व्हेनिस येथे वारले.

सुमारे शंभर वर्षांनी जपानमध्ये शिगेओ सातोमुरा यांनी हे तत्त्व अल्ट्रासाऊंडद्वारे हृदयाच्या तपासणीसाठी वापरले. आता प्रोबमधून निघालेल्या लहरी वाहत्या रक्तपेशींवर आदळून परततात आणि वारंवारतेतील फरकावरून यंत्र रक्ताचा वेग काढते. रक्तवाहिनी अरुंद झालेल्या जागी वेग वाढतो, म्हणून अडथळा कळतो. तपासणीत येणारा ‘सूं-सूं’ आवाज याच फरकाचा असतो. तो ऐकून घाबरू नका. या तपासणीत सुई नसते, क्ष-किरणही नसतात.