अण्णासाहेब किर्लोस्कर

दिवाळीची सुटी लागली की भोर आणि वेल्हे भागातील मुले अंगणात मातीचे किल्ले रचू लागतात. राजगड आणि तोरणा ज्यांच्या दृष्टीसमोर नित्य उभे आहेत, त्यांना नमुना शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. किल्ल्याप्रमाणेच नाटकाचाही दिवाळीशी जुना संबंध आहे. भोरपासून सुमारे ५० किलोमीटरांवर असलेल्या पुणे शहरात इ. स. १८८० च्या धनत्रयोदशीला, ३१ ऑक्टोबर रोजी, आनंदोद्भव नाटकगृहात एक नवे नाटक झाले. त्यातील राजा आणि ऋषिकन्या आपली पदे आपणच गात होती. ते नाटक ‘संगीत शाकुंतल’ होय. त्याचे कर्ते बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांना सर्वजण आदराने अण्णासाहेब म्हणत.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव आज कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात आहे. घरी मराठी आणि भोवती कानडी, अशा दोन भाषांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. कानडी मुलखातील गाण्यांच्या चाली तेव्हापासूनच त्यांच्या कानी बसल्या, आणि त्यांचा पुढे फार उपयोग झाला. योगायोग असा की, ज्या वर्षी ते जन्मले त्याच वर्षी सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग करून मराठी रंगभूमीचा पाया घातला होता.

भाव्यांच्या नाटकाची रीत निराळी होती. सर्व पदे सूत्रधार म्हणे. पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने हावभाव करीत आणि प्रसंगी सुचेल तसे भाषण करीत. पात्राचे दुःख पात्राच्या मुखावर दिसे, परंतु त्याचा सूर मात्र दुसऱ्याच्या कंठातून येई. राक्षसांच्या आरोळ्या आणि युद्धाची धामधूम यांनी प्रेक्षक रंगून जात, हे खरे. पण एखाद्या कोवळ्या प्रसंगी ही उणीव जाणवल्यावाचून राहत नसे.

शिक्षणासाठी अण्णासाहेब पुण्यास आले, पण त्यांचे मन पुस्तकांपेक्षा नाटकात अधिक रमले. १८६६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ नावाची नाटकमंडळी काढली. ती फार काळ टिकली नाही. पुढे ते बेळगावास शिक्षक झाले. तेथे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांत गोविंद बल्लाळ देवल हे होते. गुरूकडून मिळालेले नाटकाचे वेड या शिष्याने आयुष्यभर जोपासले आणि ‘संगीत शारदा’ लिहून आपले नाव अजरामर केले. शाळामास्तर किर्लोस्करांच्या हातून दुसरे काही घडले नसते, तरी एवढ्याने त्यांची मास्तरकी सार्थकी लागली असती.

१८८० च्या सुमारास अण्णासाहेब पुण्यात सरकारी कचेरीत नोकरीस होते. त्या वेळी एका पारशी मंडळीचे संगीत नाटक त्यांच्या पाहण्यात आले. असे नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांना घेरले. त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत आणण्यास घेतले. साकी, दिंडी, ओवी या घराघरांत आणि कीर्तनात रुळलेल्या चाली त्यांनी घेतल्या. त्यांना रागदारीची आणि कानडी चालींची जोड दिली. बायका-मुलांना ऐकताक्षणी ओळखीची वाटावीत, अशी पदे त्यांनी रचली. त्यांच्या यशाचे खरे मर्म या निवडीत आहे.

तरीही धोका लहान नव्हता. नाटकात काम करणाऱ्या माणसाकडे त्या काळी समाज आदराने पाहत नसे. नाटक्या म्हणजे वाया गेलेला मनुष्य, अशीच बहुतेकांची समजूत होती. सरकारी नोकरीतील प्रतिष्ठित गृहस्थाने तोंडाला रंग लावून रंगभूमीवर उभे राहणे म्हणजे अब्रू पणास लावणे होते. शिवाय बोलता बोलता गाऊ लागणारा दुष्यंत प्रेक्षकांना रुचेल की हास्यास्पद वाटेल, हेही कोणास ठाऊक नव्हते. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गोड गळ्याचे गडी त्यांना लाभले. अण्णासाहेब स्वतःही रंगभूमीवर उतरले. त्या दिवाळीत पहिले चारच अंक दाखविले गेले. प्रेक्षक भारावून गेले. दुसऱ्या वर्षी सातही अंकांचे संपूर्ण नाटक रंगभूमीवर आले, आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचे नाव सर्वत्र दुमदुमू लागले.

१८८२ साली भाऊराव कोल्हटकर हा बडोद्याचा तरुण मंडळीत दाखल झाला. त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. उंच, स्वच्छ आणि धारदार आवाजाची देणगी त्याला लाभली होती. त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी पुण्यात ‘संगीत सौभद्र’ झाले, त्यात भाऊराव सुभद्रा झाले. हे नाटक भाषांतरित नव्हते. अर्जुन-सुभद्रेच्या विवाहाची कथा महाभारतातली. पण अण्णासाहेबांचे कृष्ण, बलराम आणि रुक्मिणी एखाद्या मराठी घरातल्या माणसांसारखे बोलतात, रुसतात आणि परस्परांची थट्टा करतात. बलरामाच्या हट्टाला कृष्ण ज्या हसतमुख युक्तीने वळसा घालतो, ती पाहण्यास पिढ्यानुपिढ्या लोक येत राहिले. या नाटकाचे प्रयोग आजही होतात.

‘रामराज्यवियोग’ हे त्यांचे तिसरे संगीत नाटक. भोरच्या राजवाड्यात रामजन्माचा उत्सव थाटाने होतो. त्यात आनंदाचा भाग मोठा. अण्णासाहेबांनी मात्र रामाच्या वनवासाचा करुण प्रसंग निवडला. १८८४ साली त्याचे तीन अंक रंगभूमीवर आले. पुढचे अंक त्यांच्या हातून लिहून झाले नाहीत. प्रकृती ढासळली आणि ते गुर्लहोसुरास परतले. १८८५ ची दिवाळी तोंडावर आली असता, २ नोव्हेंबर रोजी, बेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मंडळी मात्र मोडली नाही. भाऊराव गात राहिले, देवल नव्या नटांना शिकवीत राहिले. १९०५ साली नारायण राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा याच मंडळीत आला आणि ‘शाकुंतला’तील शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम उभा राहिला. महाराष्ट्र त्याला बालगंधर्व या नावाने ओळखतो.