नोएसक्यूएल निवडताय? आधी कॉडसाहेबांना भेटा!

डेटाबेसच्या पेपरसाठी नॉर्मलायझेशन घोकताना एडगर कॉड हे नाव तुम्ही वाचलं असेल आणि परीक्षेनंतर विसरलाही असाल. पण या माणसाची गोष्ट भारी आहे.

जन्म १९२३ चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरचा. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र, महायुद्धात हवाई दलात वैमानिक. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन आयबीएममध्ये नोकरी. पुढे सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाचा इतका संताप आला, की १९५३ मध्ये साहेब सरळ कॅनडाला निघून गेले. काही वर्षांनी अमेरिकेत परतले आणि चाळिशी उलटल्यावर, १९६५ मध्ये, पीएचडी झाले.

तेव्हा आयबीएमच्या आयएमएसमध्ये डेटा झाडासारखा साठवलेला असे. समजा, विद्यार्थ्याच्या फांदीवर त्याचे विषय आहेत. एकाचे विषय पटकन मिळतात. पण अमुक विषय कोणकोणी घेतलाय, हे विचारलं की अख्खं झाड पिंजून काढा! १९७० च्या शोधनिबंधात कॉड यांनी वेगळी वाट दाखवली. माहिती साध्या तक्त्यांत मांडा, रोल नंबरसारख्या सामाईक रकान्याने जोडा. काय हवं ते माणसाने सांगावं, कसं शोधायचं ते मशीनने बघावं.

आयबीएम खूश झाली? छे! आयएमएसची कमाई चालू होती, त्यामुळे कंपनीने चालढकल केली. एसक्यूएल तिच्याच प्रयोगशाळेत जन्मली, पण १९७९ मध्ये बाजारात आधी उतरलं ते ओरॅकल. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

२००३ मध्ये ते गेले. त्यानंतर काही वर्षांतच नोएसक्यूएलची लाट आली. वेब कंपन्यांचा पसारा एका मशीनवर मावेना. मोंगोडीबीसारख्या डेटाबेसमध्ये एका विद्यार्थ्याची सगळी माहिती एकाच डॉक्युमेंटमध्ये राहते, प्रत्येकाचा साचा वेगळा असला तरी चालतं आणि डेटा अनेक मशीनवर वाटणं सोपं जातं. पण प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये विषयाच्या शिक्षकांचं नाव लिहिलं असेल आणि शिक्षक बदलले, तर? सगळीकडे दुरुस्ती करत बसा. तक्त्यात ती एकाच ओळीत होते.

म्हणून प्रोजेक्टसाठी फॅशन बघून डेटाबेस निवडू नका. कायम तोच गठ्ठा उचलायचाय? डॉक्युमेंट बरं. उद्या कुठला प्रश्न विचारावा लागेल हे आज माहीत नाही? मग कॉड यांचे तक्तेच कामाला येतील.