साका कशाचा बसणार? मोडकांचे मराठी रसायन
बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७-१९०६) कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवत. रसायनशास्त्र तेव्हा इंग्रजीतून शिकायचे. मोडकांनी ते मराठी पुस्तकांत आणले. वर कोल्हापूरचा इतिहासही लिहिला!

त्याच रसायनातला एक प्रयोग पेठ वडगावचे विद्यार्थी आजही करतात. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडताच पांढरा साका, म्हणजे अवक्षेप, दिसतो. तो सिल्व्हर क्लोराइडचाच, हे आधीच सांगता येते. कारण दुसरा क्षार, सोडियम नायट्रेट, पाण्यात सहज विरघळतो.

मोडक शिकले तेव्हा अशा जोड्या अनुभवानेच ठाऊक होत्या. क्षार पाण्यात आयनांत फुटतात, हे अऱ्हेनियसने १८८०च्या दशकात मांडले. साका केव्हा बसेल, याचे गणित नर्न्स्टने १८८९ मध्ये दिले. तेव्हा मोडकांनी चाळिशी ओलांडली होती.